नेहमीचा डावा कान

आमच्या स्टुडिओतल्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क टकटक करायला लागली तेव्हा बाबा म्हणाले, "घड्याळ असेल."

भिंतीवरचं घड्याळ माझ्या जन्माच्या आधीपासून बंद आहे. ते काढायचं नाही, कारण त्याच्यामागे भिंतीला भोक आहे, आणि भोक दिसलं की गिऱ्हाइकाला वाटतं धंदा बुडतोय. बंद घड्याळ बघून गिऱ्हाइकाला काय वाटतं, याचा बाबांनी कधी विचार केलेला नाही.

"बाबा, घड्याळ बंद आहे."

"मग चालू झालं असेल," ते म्हणाले, आणि स्टुलावर बसलेल्या माणसाचे खांदे सरळ करायला गेले.

टकटक कॉम्प्युटरच्या पोटातून येत होती. एक टक, मग थोडी शांतता, मग लागोपाठ दोन. दाराबाहेर कुणीतरी उभं आहे, पण त्याला अजिबात घाई नाही, अशी.

आमचं दुकान कार्ड-कचेरीच्या बरोबर समोर आहे. दुकानामागे दोन खोल्या, त्यात आम्ही चौघं: आई, बाबा, ताई आणि मी. शहरातल्या प्रत्येकाला कार्डासाठी फोटो लागतो, आणि कचेरीतून बाहेर पडलेल्या माणसाला पहिली आमची पाटी दिसते, म्हणून आमचं पोट भरतं. कार्ड हे नुसतं नावाला. खरा फोटोच. तो आमच्याकडून कचेरीत जातो, कचेरीतून शहरभरच्या दारांवरच्या यंत्रांना, आणि मग बँक असो, दवाखाना असो, तुम्ही दारात उभे राहिलात की यंत्र नाव घेऊन "या" म्हणतं आणि दार सरकतं. घरात मला इतक्या आदराने कुणी बोलवत नाही. त्यामुळे मी कधीकधी काही काम नसताना बँकेत जाऊन यायचो.

कचेरीचे फोटोबद्दलचे नियम कडक. खांदे समांतर, चेहऱ्यावर हसू नाही, दोन्ही कान स्वच्छ दिसले पाहिजेत. यासाठी बाबांनी जुन्या कॉम्प्युटरवर एक बटण बनवून ठेवलं होतं. त्याचं नाव "नेहमीचं". ते दाबलं की मागचा पडदा पांढरा होतो, खांदे समांतर होतात, हसू निघून जातं, आणि शर्ट अगदीच कळकट असेल तर वर काळा कोट चढतो. अर्ध्या शहराच्या फोटोत तोच एक काळा कोट आहे. तो कुणीही, कधीही, अंगात घातलेला नाही.

त्याच आठवड्यात ताईचं कार्ड नवं व्हायचं होतं. ताईला दुसऱ्या शहरात, मोठ्या दवाखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली होती. सोमवारी सकाळी रुजू व्हायचं. या नोकरीची वाट बघण्यात तिची इतकी वर्षं गेली होती की नोकरी लागल्याचं कळलं तेव्हा ती आनंदाने रडली नाही, फक्त म्हणाली, "आता मला कुणी काही विचारायचं नाही," आणि बॅग भरायला घेतली. तिथलं दार सोमवारी तिचं नाव घेणार होतं. नाही घेतलं, तर ती जागा तिच्या मागे थांबलेल्या बाईला जाणार होती. हे तिने आम्हा सगळ्यांना एकेकट्याला गाठून सांगितलं होतं. मला तर दात घासताना.

"तुझा कॉम्प्युटर काय आचके देतोय ते बघ," ती म्हणाली. "माझा फोटो आहे त्याच्यात."

मी नवी डिस्क आणली. बाबा माझ्या डोक्यावर उभे.

"जसं आहे तसं न्यायचं. काही हलता कामा नये."

"बाबा, न्यायचं म्हणजे हलणारच ना."

"अक्कल पाजळू नकोस. सेटिंगसुद्धा सगळी. 'नेहमीचं' जिथे होतं तिथेच पाहिजे. माझं बोट तिथेच जातं."

काय काय न्यायचं, असं नव्या यंत्राने विचारलं आणि खाली चौकटी दाखवल्या: फोटो, कागदपत्रं, सेटिंग, सवयी. "सवयी" हे मी वाढवून सांगतोय, पण फार नाही. मी सगळ्या चौकटींत खुणा केल्या. फायली जुन्या डिस्कवरून नव्या डिस्कवर जायला लागल्या, एकेका फाइलचं नाव क्षणभर दिसायचं आणि जायचं. दोन टकटकींच्या मध्ये हजारो माणसं इकडून तिकडे जात होती, आणि एकानेही वळून पाहिलं नाही.

मग "भाग" नावाचा फोल्डर आला. त्यात कोट होता, टाय होता, दोन कॉलरी होत्या आणि एक डावा कान होता.

मी तो उघडून पाहिला. नुसता कान. पाळी, वळणं, सगळं जिथल्या तिथे. मागे पांढरं. मी कालच्या गिऱ्हाइकाचा फोटो उघडला. तोच कान. परवाच्या बाईंचा उघडला. तोच. ताईचा उघडला. ताईच्या उजव्या कानाला लहानपणापासून टोक आहे, आम्ही तिला त्यावरून चिडवतो. डावा मात्र गोंडस, गोलसर, परका.

"बाबा, हा कान कुणाचा?"

"कुठला?"

"सगळ्यांना लावलाय तो."

बाबा लेन्स पुसत होते. ती आधीच स्वच्छ होती. "स्टुलावर खिडकीचा उजेड एकाच बाजूने येतो. डावा कान अंधारात जातो. कचेरी फोटो परत पाठवते. मग काय करणार?"

"स्टूल हलवायचं."

"स्टुलाखालची फरशी फुटलीय. गिऱ्हाइकाला दिसेल."

आई तेवढ्यात जेवायला बोलवायला आली होती. तिने स्क्रीनवरच्या कानाकडे पाहिलं, मग बाबांकडे. "कुणाचा आहे तो कान? सांगा की."

बाबांनी लेन्स खाली ठेवली. "त्याचाच आहे," माझ्याकडे हनुवटी करत ते म्हणाले. "लहानपणी एकदा फोटो काढला होता. फार सुरेख कान आला होता."

घरात माझ्या एखाद्या गोष्टीचं कौतुक होण्याची ही पहिलीच वेळ. मी जेवताना सारखा कानाला हात लावत होतो. शहरातली सगळी माणसं इतकी वर्षं माझा कान घेऊन बँकेत जात होती आणि मला कल्पनाच नव्हती. मला थोडं भरून आलं.

जेवून परत आलो तर सगळं नव्या डिस्कवर आलेलं होतं, आणि नव्या यंत्राने, कुणी न सांगता, पुढचं काम सुरू केलं होतं. ते फोटोंमधली माणसं ओळखत होतं. स्क्रीनवर दोन फोटो शेजारी शेजारी: कोपऱ्यावरचा बेकरीवाला आणि शाळेच्या मुख्याध्यापिका. खाली प्रश्न: ही एकच व्यक्ती आहे का?

मी "नाही" दाबलं. मग बेकरीवाला आणि ताई. एकच व्यक्ती आहे का? नाही. मुख्याध्यापिका आणि बस-डेपोतला वॉचमन. नाही. यंत्राला राग आल्यासारखा त्याने दोघांच्या कानाभोवती लाल वर्तुळ काढून दाखवलं. नीट बघा. एकच व्यक्ती आहे का?

माझा फोन वाजला म्हणून मी बाहेर गेलो. माझी चूक झाली असेल तर एवढीच, की मी बाबांना त्या खुर्चीच्या आसपास मोकळं सोडलं.

बाबांचा एक सिद्धांत आहे. यंत्र प्रश्न विचारतं ते त्याला उत्तर हवं असतं म्हणून नाही, हट्ट म्हणून. लहान मुलासारखं. होय म्हटलं की गप्प बसतं. तुम्ही अटी वाचल्यात का? होय. नक्की पुसायचं का? होय. आयुष्यभर त्यांनी एकाही यंत्राला नाही म्हटलेलं नाही. माणसांना बहुतेक नाहीच म्हणतात, म्हणून समतोल राहतो.

मी परत आलो तेव्हा ते माउस बाजूला सारत होते. "काय रे, इतका वेळ लागतो? एक बटण होतं. 'सर्वांसाठी होय.' दाबलं, प्रश्न बंद."

"बाबा!"

"नंतर नाव विचारत होतं. तुझं टाकलं."

"माझं का?"

"कान तुझा ना?"

मी स्क्रीनकडे पाहिलं. स्क्रीनवर आमचे सगळे फोटो एका फोल्डरात गोळा झाले होते. वर माझं नाव, खाली लिहिलेलं: व्यक्ती, एक.

आणि मग माझ्या लक्षात आलं, की टकटक थांबलीय. डिस्क मेली असणार, हे मला कळत होतं. पण दाराबाहेर थांबलेला माणूस आत आल्यावर होते तशी ती शांतता होती.

"मूळ फोटो तरी आहेत का? कान लावायच्या आधीचे?"

"हेच मूळ," बाबा म्हणाले. "मी त्याच्यावरच करतो. एका माणसाचे दोन-दोन फोटो ठेवून जागा कशाला अडवायची?"

मी सगळं हाताने वेगळं करायला बसलो. शाळेतल्या मुलांपर्यंत पोचलो होतो, तेवढ्यात दुकान बंद करायची वेळ झाली आणि कॉम्प्युटर स्वतःहून कामाला लागला. दुकान बंद होताना दिवसभराचे फोटो आपोआप कचेरीत जातात. बाबांचं जुनं सेटिंग. मी ते जसंच्या तसं आणलं होतं, काही हलू न देता. आणि नव्या डिस्कच्या हिशेबाने सगळेच फोटो आजचे होते.

मी वायर उपटली. तोवर शहर गेलेलं होतं.

---

दुसऱ्या दिवशी पहिला बेकरीवाला आला.

"काय रे चिरंजीव, बँकेच्या दाराने मला तुझ्या नावाने हाक मारली."

"मग?"

"मग काय, गेलो आत. काम होतं." तो काउंटरवर कोपर टेकून विचार करत राहिला. "बाहेर आलो, पाकीट विसरलं म्हणून परत गेलो, तर दार उघडेना. म्हणे, तुम्ही आत आहातच. मी म्हटलं, बाबा रे, मी बाहेर उभा आहे. तर पुन्हा तेच. इतक्या सभ्यपणे म्हणालं, की मलाच वाटायला लागलं मी आत असेन."

त्याच्यामागून मुख्याध्यापिका आल्या. गालावर रुमाल, डोळ्यांत पाणी. त्या रक्तदाब तपासायला दवाखान्यात गेल्या होत्या. दाराने माझं नाव घेतलं, आत खुर्चीत बसवलं, आणि माझ्या नावावर दाढ काढायची होती ती त्यांची काढली. मी तोंड भरून माफी मागितली. तोंड भरून मागता आली, कारण माझी दाढ सकाळपासून दुखायची थांबली होती. हे मी त्यांना सांगितलं नाही.

दुपारपर्यंत दुकानात गर्दी झाली. सुरुवातीला लोक भांडत होते. मग त्यांच्या लक्षात आलं, की माझ्या नावाने दारं उघडतात, फक्त एका दारातून एका वेळी एकच जण जाऊ शकतो. मग ते आपापसांत वेळा ठरवायला लागले. "तू सकाळी हो, मी जेवणानंतर होतो," असं एक जण दुसऱ्याला म्हणाला. कुणी ओरडत नव्हतं. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

ताई समोरच्या कचेरीच्या दारात जाऊन उभी राहिली. मी काचेतून बघत होतो. दार काहीतरी म्हणालं. ती आत गेली नाही, वळून सरळ माझ्याकडे आली.

"मी तुझ्या नावाने नोकरीला जाऊ?"

"ताई, अगं..."

"पाच मिनिटांचं काम होतं रे. एक डबा रिकामा करून दुसऱ्यात ओतायचा. तेवढ्यात तुम्ही दोघांनी मला पुसून टाकलंत. चल."

खिडकीवरच्या बाईंनी आमचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. त्या एवढ्या शांत होत्या, की मला वाटलं काच बंद आहे.

"तुमच्याच स्टुडिओने कळवलंय, हे सगळे एक आहेत. आम्ही तपासलं. कान जुळतो. चेहरे काय, दाढीने बदलतात, चष्म्याने बदलतात. आम्ही कानच धरतो."

"पण हा पुरुष आहे आणि मी बाई आहे!" ताई म्हणाली.

बाईंनी आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहिलं, जणू हा मुद्दा विचार करण्यासारखा आहे. "वेगळं काढता येतं," त्या म्हणाल्या. "अर्ज मात्र त्या व्यक्तीनेच करायचा."

"कुठल्या व्यक्तीने?"

"जी आहे ती. ती स्वतः म्हणाली, की हिला माझ्यातून वगळा, तर एक जण वगळता येईल. बाकीचे एकच असल्याची खात्री द्यावी लागेल."

"ती व्यक्ती मीच," मी पुढे झालो. "कान माझा आहे."

अख्ख्या आयुष्यात इतक्या रुबाबात मी काही बोललो नव्हतो. बाईंनी फोनच्या रिसीव्हरसारखं एक यंत्र खिडकीतून पुढे केलं. मी डावा कान त्याला लावला. आत गार होतं. कुणीतरी पलीकडून श्वास रोखून ऐकतंय असं वाटलं. मग लाल दिवा लागला.

"हा कान तुमचा नाही," बाई म्हणाल्या.

"माझाच आहे हो. लावूनच आलोय."

"फोटोतला तुमचा नाही, म्हणतेय मी. पुढचे."

---

आम्ही मागच्या दाराने घरात आलो. दुकानाच्या पुढच्या काचेच्या दारालाही कचेरीने यंत्र बसवलंय, आणि त्याच्याकडून माझं नाव ऐकायची ताईची तयारी नव्हती. मागच्या दाराला यंत्र नाही. कडी आहे, तीही आम्ही कधी लावत नाही.

बाबा स्टुलावर बसले होते, गिऱ्हाइकासारखे, खांदे सरळ ठेवून. आई काउंटरशी उभी.

"कुणाचा कान आहे तो?" ताईने विचारलं.

या वेळी लेन्स हाताशी नव्हती. बाबांनी चष्माच पुसायला घेतला.

"कॉम्प्युटर नवीन घेतला, त्या दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक. चेहरा काही आठवत नाही. पण कान असा होता ना... त्या अंधारातसुद्धा उजळ आला. फोटो न्यायला तो परत आलाच नाही. मी बरेच दिवस वाट पाहिली. मग म्हटलं, पडून राहण्यापेक्षा कान तरी वापरावा."

"मग माझा का म्हणालात?" मी विचारलं.

"तुझी आई म्हणत असते, मी तुझं कधी कौतुक करत नाही."

"मी कौतुक करा म्हटलं," आई म्हणाली. "दुसऱ्याच्या कानाचं करा म्हटलं का?"

ताई हसली. हसत हसत खाली बसली आणि मग हसू थांबवता येईना म्हणून तिने तोंडावर हात धरला. मी तिच्या खांद्यावर हात ठेवणार होतो. तेवढ्यात पुढच्या दारावरच्या यंत्राने माझं नाव घेतलं आणि म्हणालं, "या."

आम्ही चौघंही आत होतो.

दार सरकलं. एक माणूस आला. करड्या रंगाचा शर्ट, हातात काही नाही. त्याच्या चेहऱ्याचं वर्णन मला आजही करता येणार नाही. बघता बघता विसरायला होत होतं, ओल्या हाताने लिहिल्यासारखं. डावा कान मात्र मी कुठेही ओळखला असता.

"माझे फोटो तयार झाले का?" त्याने विचारलं.

बाबा स्टुलावरून उठले. धंद्याची सवय. "बसा," ते म्हणाले.

तो बसला. खांदे आपोआप समांतर. "तेव्हा मला यायला जमलं नाही, आणि नंतर येता येईना. फोटो नाही म्हणून कार्ड नाही, कार्ड नाही म्हणून दारं उघडेनात. तुमचंही नाही उघडलं. बाहेरून खूप वाजवलं मी. तुम्ही म्हणालात, घड्याळ असेल."

आईने भिंतीकडे पाहिलं. बाबांनी पाहिलं नाही.

"आज सकाळी बँकेसमोरून चाललो होतो," तो पुढे म्हणाला, "तर दार म्हणालं, या. नाव दुसऱ्याचंच होतं. पण इतक्या वर्षांत मला कुणी कुठल्याच नावाने बोलावलं नव्हतं हो. मी पळत आत गेलो. काम काहीच नव्हतं. नुसता बसून आलो."

मला त्याचा राग यायला हवा होता. पण बँकेत नुसतं बसून येणारा मी सोडून दुसरा माणूस मला आजवर भेटला नव्हता.

"फार बरं चाललंय," तो म्हणाला. "माझी बेकरी आहे म्हणे. शाळाही आहे. आणि सोमवारी मला नोकरीवर रुजू व्हायचंय, दुसऱ्या शहरात, प्रयोगशाळेत. मला रक्त बघवत नाही, पण शिकेन."

ताई उठून त्याच्यासमोर उभी राहिली. "ती नोकरी माझी आहे."

"हो का?" तो खरोखरच ओशाळला. "मला वाटलं, माझीच."

"तुम्ही अर्ज करा. मला वगळा. तुम्हालाच करता येतो."

"करतो की. त्यात काय एवढं?" तो लगेच कॉम्प्युटरकडे गेला. मी वायर जोडून दिली. खुर्चीत बसून, कुणी न दाखवता, त्याने बरोबर हवं ते उघडलं, ताईच्या फोटोवर बोट ठेवलं आणि "वगळा" दाबलं. स्क्रीनवर नवा प्रश्न आला. बाकीचे एकच असल्याची खात्री करा, असं वर लिहिलं होतं आणि खाली दोनच फोटो होते. एक त्याचा, बाबांनी तेव्हा काढलेला. एक माझा.

ही एकच व्यक्ती आहे का?

"नाही म्हटलं तर?" मी विचारलं.

"तर थांबेल सगळं," तो म्हणाला. "ताईपण." माझ्या बहिणीला तो ताई म्हणाला. मग त्याने माउसवरचा हात काढून मांडीवर ठेवला. "तूच सांग. मी कुणावर जबरदस्ती करत नाही."

"होय म्हण," बाबा मागून म्हणाले. "गप्प बसेल."

"थांब," ताई म्हणाली. "आधी नीट वाच. काय काय लिहिलंय ते वाच."

मी वाचलं. फारसं काही नव्हतं. दोघांची नावं एकच होती. माझ्या फोटोवरही "नेहमीचं" केलेलं होतं, त्यामुळे कान तोच, खांदे तसेच, हसू काढलेलं. मी शोधलं, पण नाही म्हणायला ठोस असं मला काही सापडेना. ताईची बॅग दाराशी भरून ठेवलेली होती.

मी "होय" दाबलं. यंत्र गप्प बसलं. बाबांचा सिद्धांत बरोबर आहे.

---

सोमवारी ताईचा फोन आला. मागे पायांचे, चाकांचे, कुणाच्या तरी घाईचे आवाज.

"काय म्हणालं दार?"

"माझं नाव घेतलं. मग 'या' म्हणालं." तिने कुणाला तरी 'आलेच' म्हटलं. "तू ठीक आहेस ना रे? कुठे आहेस तू?"

"इथेच आहे," माझ्या मागून तो म्हणाला. आवाज चांगला होता त्याचा. ताईला फरक कळला की नाही, मला माहीत नाही. तिला कामावर जायचं होतं.

तो आमच्याकडेच राहतो. कुठे जाणार बिचारा, असं आई म्हणाली, आणि तिच्या आवाजावरून ती कुणाबद्दल बोलतेय हे कळत नव्हतं. दुकानात त्याचा हात चांगला बसलाय. गिऱ्हाइकाचे खांदे तो नुसत्या नजरेने सरळ करतो. बाबा त्याला चिरंजीव म्हणतात, मलाही म्हणतात, हाक मारली की आम्ही दोघं वळतो आणि बाबा त्याच्याशी बोलायला लागतात. परवा त्याने स्टूल दोन हात सरकवून खिडकीसमोर घेतलं. फुटकी फरशी उघडी पडली. बाबा म्हणाले, "वा! हे मला कधी सुचलं नाही."

पुढच्या दाराशी तो नेहमी मला आधी जाऊ द्यायचा. फार नम्र आहे. मी आत गेलो की तो मागून फिरून यायचा. काल मी कागदाचे गठ्ठे घेऊन परतलो, तेव्हा तो आधीच आत होता. मी दारात उभा राहिलो. यंत्राने माझं नाव घेतलं आणि फार सभ्यपणे म्हणालं, "तुम्ही आत आहातच."

मी वळसा घालून मागे गेलो. मागच्या दाराला आतून कडी होती.

मग पुन्हा पुढे आलो. काचेतून सगळं दिसत होतं. आई काउंटरवर पाकिटं लावत होती. तो स्टुलाशी वाकून कुणाच्या तरी बाळाची मान सरळ करत होता. बाबा त्याच्या शेजारी, हातात लेन्स. मी गठ्ठे खाली ठेवले आणि काचेवर टकटक केली. एकदा. मग थोडं थांबून, लागोपाठ दोनदा.

बाबांनी मान वर केली आणि इकडेतिकडे पाहिलं. काचेतून आवाज येत नाही, पण ओठ कळतात.

"घड्याळ असेल," ते म्हणाले.